चार नंबरची खाट

१ सप्टेंबर, सोमवार

बाहेरून कुलूप घालते ती बाई! आत आम्ही अकरा जणी आणि दाराला बाहेरून कुलूप. पडल्या पडल्या ऐकलं — आधी कडी, मग खटका, मग जिना उतरणाऱ्या चपला. मी ताडकन उठून बसले. बाकी कुणी कूससुद्धा बदलली नाही. शेजारच्या खाटेवर एक मावशी आहे, कपड्यांच्या कारखान्यात रात्रभर शिलाईचे सुटे धागे कापते. तिला विचारलं, हे काय? रोजचंच आहे, दुपारी उघडते, झोप — एवढं म्हणून तिने पाठ फिरवली.

झोप कसली येते कपाळाची! डोकं ताळ्यावर आहे तोवर नीट लिहून ठेवते. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. प्रत्येक खाट दोघींना भाड्याने, एकीला रात्री, एकीला दिवसा. दिवसा झोपणाऱ्या सगळ्या रात्रपाळीच्या. मी इस्पितळात रात्री आयाचं काम करते असं सांगून चार नंबरची खाट मिळवली. पेपरवाली म्हटलं असतं तर जिन्यावरूनच हाकलली असती. खिडक्यांना गज. मोबाईल खाली मालकिणीच्या टेबलावर ठेवायचे, चोऱ्या होतात म्हणे. आणि तळमजल्यावर फोमचं गोदाम — गाद्या-उशांत भरायचे तुकडे, पार छतापर्यंत. उतरायला जिना एकच, तो त्या गोदामाला खेटून.

कुलूप कशाला, तर दिवसवालीने मध्येच ये-जा करू नये, रात्रवालीने लवकर घुसू नये, आणि कुणी कुणाचं सामान घेऊन पळू नये. मालकिणीच्या कमरेला जुडगा असतो म्हणून बायका तिला 'किल्ली' म्हणतात. तोंडावर मात्र ताई.

घरी आले तर सासूबाई दारातच. दिवसभर झोपून आलीस आणि त्याचा पगार देतात? मग मलापण लाव की तुझ्या पेपरात!

हसले खरी. पण तो खटका अजून कानात आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

संपादकांना सगळं सांगितलं. आम्ही त्यांना बुवा म्हणतो, कारण साध्या चहावरसुद्धा प्रवचन देतात. आज प्रवचन नाही. कुलपाचं ऐकल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, चार भाग करू. चार रविवार. आधी खाटा, पाणी, संडास, मग तिथल्या बायका, मग इमारतीचा खरा मालक कोण, आणि कुलूप सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, शेवटी का? उद्याच छापू.

"पहिल्याच डावात तुरूप टाकलंस तर मग खेळायचं काय?" म्हणाले. आणि वर कारणं दिली, तीही खोटी नव्हेत. एकदम कुलूप छापलं तर किल्ली चार दिवस ते काढेल, सगळं नाकारेल, पाचव्या दिवशी पुन्हा लावेल. आधी लोकांना त्या खोलीत नेऊन बसवायचं, मग दार लावायचं. वकिलालाही सगळं दाखवायला हवं.

पटलं मला. खोटं कशाला बोलू, नुसतं पटलं नाही, आवडलं! शेवटच्या रविवारी पहिल्या पानावर कुलूप. मनातल्या मनात मथळा पण करून टाकला.

४ सप्टेंबर, गुरुवार

खाट कोमट असते. मी पोचते तेव्हा रात्रवाली नुकतीच उठून गेलेली असते. तोंड एकदाही पाहिलं नाही, पण तिच्या उबेत मी झोपते. चादरीची घडी अशी घालते की कोपऱ्याला कोपरा. उशीला बामाचा वास. आज एक केसाची पिन सापडली, ती उशाशी ठेवून दिली.

कोण असेल? हातावर पोट असलेली, हे तर झालंच. दिवसभर कुठेतरी भांडी नाहीतर फरशा. डोकं ठणकत असणार, म्हणून बाम. गावाकडे एखादं लेकरू ठेवलं असेल. इतकी नीट घडी घालणारी बाई, म्हणजे एके काळी स्वतःचं घर असलेली. दुसऱ्या भागाचा जीव म्हणजे हीच बाई. आत्ताच ठरवून टाकलं.

८ सप्टेंबर, सोमवार

रात्रवालीसाठी साबणाची वडी ठेवली होती, कागदात गुंडाळून. आज त्याच कागदात दोन बिस्किटं! मला भरून आलं. स्वतःच्या तोंडचा घास काढून दिला असणार. खाववेना, पण खाल्ली. खाल्ली नसती तर तिला वाईट वाटलं असतं.

मावशी मात्र माझ्याशी धड बोलत नाही. बाकीच्यांशी हसते, मला बघितलं की ओठ मिटून घेते. आज विचारलंच, माझं काही चुकलं का? तर म्हणे, तुझं कसलं चुकतंय, तू पडलीस एकटी, बिनतक्रारी. किल्लीला अशाच लागतात. ही खाट रिकामी नव्हती. माझ्या भाचीची होती. पोरगी दोनदा उशिरा उठली एवढंच निमित्त झालं. तिला काढून दिवस तुला दिला आणि रात्रीलाही नवीनच आणली.

आता भाची कुठे असते? तर कारखान्यात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे डोळा लावते. मुकादमाला कळलं तर तीही जागा जाईल.

 मी कूस बदलत राहिले. पलीकडे मावशीही जागीच होती.

११ सप्टेंबर, गुरुवार

नगरपालिकेत जाऊन आले. बातमीदार म्हणून नाही, नुसती एक बाई म्हणून. म्हटलं, छापायचं तेव्हा छापू, पण कुलूप तर आधी निघू दे. टेबलामागचा माणूस सज्जन होता, खुर्ची दिली. म्हणाला, तिथे राहणाऱ्या बाईची सहीनिशी तक्रार पाहिजे. मी म्हटलं, सही करेल तिची खाट संध्याकाळी जाईल. तो म्हणाला, तेही खरंच. 

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला भाग आला! अर्धं पान! बुवांचा सकाळीच फोन, स्टेशनाबाहेरच्या विक्रेत्याचे अंक संपले म्हणे. नवऱ्याने दोन अंक आणले, एक सासूबाईंसाठी. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, असल्या ठिकाणी तू झोपतेस? आणि मला सांगितलं नाहीस? मग दिवसभर माझ्याशी अबोला. राग नव्हता तो, धास्ती होती.

ठिकाण लिहिलं नाही, गल्लीही नाही. तशा खोल्या त्या भागात पुष्कळ आहेत. अजून जायचं आहे मला. कुलपाचा फोटो नाही आमच्याकडे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज मेलेच होते.

किल्लीच्या कानावर गेलंच. कुणी पेपरवाली भाडेकरू बनून खोल्यांमधून हिंडतेय म्हणे. सकाळी खोलीत शिरलो तर ही दारात उभी. एकेकीची पिशवी खाटेवर उपडी करायला लावली. कंगवा, डबा, औषधाच्या गोळ्या. आणि मला आठवलं — पेन! पिशवीत पेन होतं. आणि साधं नाही, आमच्या पेपरच्या वर्धापनदिनाचं, वर सोनेरी अक्षरांत पेपरचं नाव! इतकी वर्षं या धंद्यात घालवली आणि लपतछपत राहायला गेले ती नाव छापलेलं पेन घेऊन. मूर्ख! मूर्ख!

हात पिशवीत घालून मी पेन मुठीत धरलं, पण ठेवू कुठे?  किल्ली तीन नंबरच्या खाटेशी होती. तेवढ्यात मावशी माझ्या अंगावरून पलीकडे वाकली, चादर ओढायचं निमित्त करून. माझ्या मुठीतून पेन कधी काढलं कळलंसुद्धा नाही. बघते तर बाई अंबाडा सोडून पुन्हा बांधतेय, आणि पेन त्यात आडवं खुपसलेलं. वरून रुमाल बांधला. किल्ली आली, माझी पिशवी झटकली, गेली. कडी, खटका, चपला.

मग मावशीने अंबाड्यातून पेन उपसून माझ्या उशीखाली सारलं. म्हणाली, "पेपरवाली का तू?"

मी मान हलवली. आज दुसरं काही बोलली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज बोलली. दार लागल्यावर खाटेवर उठून बसली आणि हळू आवाजात एका दमात सगळं. गेल्या वर्षी दुपारी एकीला फिट आली होती. सगळ्या जणी दार बडवत राहिल्या. किल्ली बाजारात गेलेली. ती बाई वाचली, पण ती दार बडवलेली दुपार कुणी विसरली नाही. म्हणून झोपताना कुणी बोलत नाही, म्हणाली. बोललं की तोच विषय निघतो.

"बाकीचं मग छाप. आधी कुलूप छाप," म्हणाली. "छापशील ना?"

मी म्हटलं, छापेन. तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, लवकर.

लवकर! चार रविवारांचं गणित तिला सांगायची हिंमत झाली नाही. तिला वाचता येत नाही, पण कारखान्यात चहाच्या वेळी एक शिलाईवाली पेपर मोठ्याने वाचते. म्हणजे दर रविवारी ती कान देऊन बसणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फोटो मिळाला. आमच्या फोटोग्राफरला आम्ही भिंग म्हणतो, कारण जाड चष्मा, आणि दिसतं सगळं. समोरच्या इमारतीच्या जिन्यात सकाळपासून उभा होता. आमच्या दारासमोरची गॅलरी तिथून सरळ दिसते. मावशीला सांगून ठेवलं होतं. दार लागल्यावर ती खाटेवर चढली आणि दारावरच्या झरोक्यातून हात बाहेर काढला, ओला रुमाल वाळत घालतेय असा.

संध्याकाळी ऑफिसात पाहिला. खाली कुलूप, वर झरोक्यातून कोपरापर्यंत बाहेर आलेला हात, हातात रुमाल. बाकी काही नाही. बुवांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, याच्यावर मथळासुद्धा नको.

मी म्हटलं, मग याच रविवारी. त्यांनी कॅलेंडरवर पाच ऑक्टोबरवर बोट ठेवलं.

२१ सप्टेंबर, रविवार

काय लिहू! हसू का डोकं आपटून घेऊ!

आज आमचा दुसरा भाग. त्यात रात्रवाली. तिची घडी, तिचा बाम, तिची बिस्किटं, 'जिचं तोंड मी पाहिलं नाही पण जिच्या उबेत मी झोपते', वगैरे. लिहिताना मी दोनदा डोळे पुसले होते. सकाळी नवऱ्याने नेहमीप्रमाणे मोठा पेपरही आणला, गावभर खपतो तो. मी चहा गाळत होते. सासूबाई मोठा पेपर वाचत होत्या. एकदम म्हणाल्या, अगं, ही तर तूच!

मोठ्या पेपरात अर्धं पान. 'माझ्या खाटेची दुसरी धनीण'. एका बाईने लिहिलंय — वेषांतर करून भाड्याच्या खाटेवर रात्री झोपणाऱ्या बातमीदार बाईने. दिवसा त्याच खाटेवर झोपणाऱ्या एका अभागी स्त्रीबद्दल. 'तिची उशी रोज संध्याकाळी ओलसर असते. कुणासाठी रडत असेल ती? आपल्या तुटपुंज्या कमाईतून तिने माझ्यासाठी साबणाची वडी ठेवली...'

अहो, मी घरून केस धुऊन जायचे! ओल्या केसांनी पडायचे! आणि ती म्हणते रडते!

म्हणजे माझी गरीब, लेकुरवाळी, डोकं ठणकणारी रात्रवाली ही मोठ्या पेपरची बातमीदार. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा. दोघी दोन पेपरच्या, एका खाटेवर, एकमेकींवर दया करत झोपतोय. आणि ती खाट ज्या पोरीची, ती गठ्ठ्यांमागे.

सासूबाई हसून हसून लाल. मग माझं तोंड बघून थांबल्या आणि स्वतःच उठून मला चहा दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार

किल्लीलाही कुणीतरी वाचून दाखवलं असणार. चार नंबर, साबण, बाम — तिला ओळखायला कितीसा वेळ? मी जिन्याशी पोचले तर माझी खाटेखालची पिशवी वरून आली आणि पायाशी आपटली. मागून ती. काय काय बोलली ते लिहीत नाही, जिभेला हाड नाही त्या बाईच्या. एक मात्र खरं बोलली, तुमचं लिहून झालं, माझं पोट गेलं.

समोर रस्त्यापलीकडे एक तरुण मुलगी तशीच पिशवी छातीशी धरून उभी होती. तिचीही सकाळीच फेकलेली. माझ्याकडे एकटक बघत होती. मग रस्ता ओलांडून आली आणि पहिलं वाक्य काय, तर, "केस धुऊन येत होतात होय!"

"आणि तो बाम?" मी विचारलं.

"खाटेची पट्टी टोचते हो. कंबर मोडली माझी."

आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. दोन मांजरी एका ताटलीवर बसाव्यात तशा. मग मीच विचारलं, कुलूप कधी छापताय? तिचं तोंड उतरलं. म्हणाली, रात्री पण लावते, मला माहितेय. पहिल्या रात्रीपासून माहितेय. आमचे साहेब म्हणाले, ते शेवटी. आता वकील म्हणतो, फोटोशिवाय नाही. मालक उद्या कोर्टात म्हणेल कुलूप नव्हतंच.

म्हणजे हिनेही शेवटासाठी ठेवलं! दोन पेपर, दोन शहाणे संपादक, आणि सारखंच शहाणपण. मला तिचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा.

फोटो आहे आमच्याकडे, हे मी सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

बुवांशी भांडले. दार लावून भांडले, तरी सगळ्या ऑफिसने ऐकलं. आता लपवायचं काय उरलं, आम्ही दोघी उघड्या पडलो, मग उद्याच्या अंकात कुलूप का नाही? बुवा म्हणाले, तिसऱ्या भागात मालकाचं नाव आहे, तेच सगळ्यात मोठं. आधी नाव, मग कुलूप, म्हणजे कुलूप त्याच्या गळ्यात पडतं. उलट केलं तर बिचाऱ्या मालकिणीवर ढकलून तो मोकळा. पाच ऑक्टोबरचा रविवार, आता शब्द बदलायचा नाही. मोठ्या पेपरकडे फोटो नाही, हे त्यांना भिंगाकडून कळलं असावं, म्हणून ते निश्चिंत.

त्यांचं चूक नाही. हाच तर त्रास आहे! चूक असतं तर दार आपटून आले असते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी कारखान्याच्या दारात मावशीला गाठलं. पाळीवर जात होती. मला बघून म्हणाली, कुलूप आलं का?

मी म्हटलं, यायचंय. तिने मान हलवली, जसं काही बस यायची आहे. मग म्हणाली, भाचीला खाट परत दिली, चार नंबर, दिवसाची. मला इतकं बरं वाटलं! पण ती पुढे म्हणाली, किल्ली घाबरलीय. पेपरवाले येतील, फोटो काढतील म्हणून आता खाली बसतसुद्धा नाही. सकाळी कुलूप लावते, जुडगा घेऊन बहिणीकडे जाते, दुपार टळल्यावर येते. आधी निदान हाक तरी ऐकू गेली असती.

म्हणजे आम्ही लिहिलं त्याचा पहिला परिणाम हा.

भाचीही भेटली. तशीच हडकुळी, तसेच मिटलेले ओठ. जांभई आवरत होती. मला नमस्कार केला. मला! जिने तिची खाट घेतली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

तिसरा भाग आला. मालकाचं नाव, पहिल्या पानावर. अभिनंदनाचे फोन दिवसभर. नगरपालिकेतल्या कुणा सदस्याचासुद्धा, म्हणे सभेत प्रश्न मांडतो. शेवटी खाली बारीक अक्षरांत: 'पुढील रविवारी — अंतिम भाग'.

मावशीने आज चहाच्या वेळी ऐकलं असणार, आणि त्यात कुलूप नव्हतं.

सासूबाईंना सांगितलं सगळं. भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. म्हणाल्या, आणि त्या आधी काही झालं तर? मग छापशील तुझं कुलूप, बैल गेला नि झोपा केला. त्यांना म्हटलं, नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, मी विचारलं ते वेगळंच होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

केलं. 

दुपारी भिंगाकडे गेले. म्हटलं, फोटो मोठ्या पेपरला द्यायचाय, आज, म्हणजे उद्या सकाळी येईल.  फोटो माझा, पगार पेपरचा, म्हणाला. मग उठला. मी खाली चहाला जातो, कॉम्प्युटर चालू आहे, आणि मला काही दिसत नाही हे सगळ्यांना माहितेय. गेला.

मी फोटो मोबाईलवर घेतला आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरून रात्रवालीला फोन केला. ती धावत आली. फोटो बघितला आणि तोंडावर हात ठेवला. "ताई, तुमचं नाव घालते सोबत," म्हणाली. मी म्हटलं, माझं नको, भिंगाचंही नको, त्याची नोकरी जाईल. गल्लीचं नाव घाल. घराचा नंबर घाल. तेवढंच घाल.

परतताना जिन्यात बुवा भेटले. म्हणाले, शेवटच्या भागाचा मजकूर कधी देतेस? मी म्हटलं, उद्या. आणि तोंड धुवायला आत पळाले.  इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदा तरी खोटं सांगितलं असेल का? नाही. आणि मी हे असं.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या पेपरचं पहिलं पान. खाली कुलूप, वर हात. गावभर तो हात!

दहाच्या आत नगरपालिकेची गाडी, अग्निशमनवाले, पोलीस, आणि त्यांच्या मागे सगळे कॅमेरे. मी गर्दीत मागे उभी. कटरने कुलूप तोडलं तेव्हा टाळ्या पडल्या. दार उघडलं, आत दहा-अकरा जणी डोळे चोळत उभ्या, टाळ्या कशाच्या ते न कळून. एका साहेबांनी जागच्या जागी हुकूम सांगितला, शहरातल्या अशा एकाही खोलीला बाहेरून कडी नको, कुलूप नको, असलेल्या कड्या आजच्या आज काढा. एका माणसाने तिथेच स्क्रू सोडवून कडी काढली. नुसती भोकं राहिली.

मावशी उंबऱ्यात येऊन ती भोकं बघत होती. मग गर्दीत मला शोधलं. अंबाड्यावर हात फिरवला नुसता.

रडले. आज उशी बघायला कुणी आलं तर चूक व्हायची नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

बुवांना लपवलं नाही, स्वतःच सांगितलं. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, भिंगाचं नाव तू घेतलेलं नाहीस, मीही ऐकलेलं नाही.  मग, "मी तुला काढत नाही. तू गेलीस." उठून दारापर्यंत आले. फोटो पहिल्या पानावर छान बसला होता, म्हणाले.

टेबल आवरलं. सोनेरी अक्षरांची पेनं खणात अजून डझनभर. एकही घेतलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता निदान रात्री झोपशील, दिवसा नाही. नवरा म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' म्हणजे काळजी असते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रवाली टीव्हीवर. लोक तिला 'कुलूप तोडणारी मुलगी' म्हणतायत. चांगलं बोलली, दोनदा म्हणाली की हे एकटीचं काम नाही. तरी जळले! जळले म्हणजे जळलेच, कागदाशी कशाला साळसूदपणा करू. माझा मथळा, माझा शेवट, माझे चार रविवार. आणि पाच दिवसांची तर गोष्ट होती! पाच दिवसांनी आमच्याच पेपरात आला असता तोच फोटो. नोकरी राहिली असती. काय बिघडलं असतं पाच दिवसांत? संध्याकाळपासून हेच एक डोक्यात.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी फोमच्या गोदामाला आग लागली. किल्ली बहिणीकडे होती. जिना धुराने भरायच्या आत सगळ्या खाली आल्या — दार नुसतं लोटलेलं होतं. चार नंबरवर भाची गाढ झोपलेली, तिला मावशीने केसांना धरून उठवली. मी पोचले तेव्हा मावशी रस्त्यावर अनवाणी बसून माझ्यावरच चिडत होती, नवी चप्पल वर राहिली म्हणून.

आमचा कुलपाचा भाग उद्या यायचा होता.